जंगल, वणवा आणि नोकरी : आत कुठून शिरायचं?

प्रश्न थोडक्यात असा : बी.एस्सी. (प्राणिशास्त्र) झालंय, वय २४, घर यवतमाळ जिल्ह्यात. वन्यजीव संवर्धनात जायचंय आणि त्यातही वणव्यांचा अभ्यास, म्हणजे फायर इकॉलॉजी, करायचा आहे. कोणता कोर्स करू, परदेशात एम.एस. करावं का आणि यात पोट भरतं का?

कोर्सकडे नंतर येतो. खरी अडचण अशी आहे की आपल्याकडे ‘फायर इकॉलॉजिस्ट’ या नावाची जागा सहसा निघत नाही. वनखात्याच्या पदांमध्ये ती नाही आणि संस्थांच्या जाहिरातींतही क्वचित दिसते. जे लोक हे काम करतात ते कुणी वनाधिकारी असतात, कुणी वनस्पती-परिसंस्थेचे संशोधक, कुणी जीआयएसवाले (संगणकावर नकाशे करणारे), तर कुणी ग्रामसभांसोबत काम करणारे कार्यकर्ते. वणवा हे त्यांचं दुसरं कौशल्य आहे. त्यामुळे आधी कोणत्या दारातून आत जायचं ते ठरवा आणि वणवा सोबत न्या. हा क्रम उलटा केला की दोन-तीन वर्षं जाहिरातींची वाट बघण्यात जातात.

दारं मुख्यतः तीन. पहिलं वनखातं. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असेल तर वनरक्षक होता येतं. पदवीवर एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा (वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक) किंवा यूपीएससीची भारतीय वनसेवा देता येते, आणि प्राणिशास्त्राची पदवी दोन्हीकडे चालते. अभ्यासाइतकीच चालण्याची सवय ठेवा. भारतीय वनसेवेला चार तासांत मुलांना २५ किलोमीटर आणि मुलींना १४ किलोमीटर चालावं लागतं. या दाराचा फायदा म्हणजे वणव्याबद्दल खरा निर्णय इथेच होतो : कोणती जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) कधी जाळायची, मजूर कुठे लावायचे, कुठलं कुरण राखायचं. तोटाही तितकाच खरा. बदल्या होतात, वणवा हे वर्षातल्या चार महिन्यांचं काम असतं, आणि अतिक्रमण, रोपवन, वाघाने मारलेल्या गुरांचे पंचनामे यांतून डेटा लिहायला वेळ काढावा लागतो.

दुसरं दार संशोधनाचं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथले एम.एस्सी. सगळ्यांना माहीत असतात. जागा मूठभर असतात आणि बॅच दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवा. डेहराडूनच्याच वन संशोधन संस्थेत वनविद्येचे अभ्यासक्रम आहेत. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. होतं. पण माझं स्पष्ट मत असं की वणव्यासाठी प्राणिशास्त्रापेक्षा वनस्पती-परिसंस्था आणि संख्याशास्त्र जास्त लागतं. वाघ बघायला आवडतो म्हणून आलेला विद्यार्थी पालापाचोळ्याच्या पिशव्या वजन करताना दोन आठवड्यांत कंटाळतो. तुम्ही कंटाळणार नसाल तर हे दार तुमचं.

तिसरं दार संस्थांचं आणि ग्रामसभांचं. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकतात. जंगल राखण्याचा अधिकार कायद्याने त्यांच्याकडे आला आहे, त्यामुळे आगीचं नियोजनही त्यांच्याच दारात येतं. त्यांच्या सोबत नकाशे करणारी, व्यवस्थापन आराखडे लिहिणारी माणसं कमी पडतात. पगार कमी आणि कंत्राट बहुधा वर्षाचं, पण वणवा कोण, कधी आणि का लावतं हे इथे जितकं कळतं तितकं कुठेच कळत नाही.

पैशांचंही इथेच सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांत जेआरएफला (कनिष्ठ संशोधन छात्र) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ संशोधन छात्र) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि बहुतेक ठिकाणी नेट किंवा गेट लागते. स्वयंसेवी संस्थांत सुरुवात याहून बरीच खाली होते. घरी पैसे पाठवणं भाग असेल तर आधी खात्याची परीक्षा द्या. यात कमीपणा काही नाही.

आता मुख्य विषय. वणवा चांगला की वाईट, याचं उत्तर जंगलावर अवलंबून आहे आणि हे ‘अवलंबून’ समजणं म्हणजेच फायर इकॉलॉजी. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात आगी लागल्या, हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. तिथल्या सदाहरित, निमसदाहरित झाडांची साल पातळ असते, आगीची सवय नसते. तिथे आग म्हणजे निखळ नुकसान. यवतमाळ-चंद्रपूरच्या पानगळीच्या सागवनात चित्र वेगळं आहे. मोठ्या सागाला पाचोळ्याच्या आगीने सहसा फारसं काही होत नाही. मार खातं ते रोप. सागाचं एखादं जुनं रोप बुंध्याशी उकरून बघा : वर पेन्सिलीएवढा दांडा आणि खाली मुठीएवढी मुळाची गाठ, तिच्यावर मेलेल्या दांड्यांचे काळे खुंट. दर उन्हाळ्यात शेंडा जळतो, पावसात गाठीतून पुन्हा फुटवा येतो. रोप दहा वर्षांचं असून उंची गुडघाभर. सलग काही वर्षं आग आली नाही तरच ते ज्वाळेच्या उंचीच्या वर जातं. म्हणजे प्रश्न ‘आग लागली का’ एवढाच नाही, ‘दोन आगींमध्ये किती वर्षं गेली’ हा आहे.

सोलापूर-पुण्याकडच्या गवताळ माळांवर आणखी तिसरंच चित्र. बहुवर्षायू गवत जळालं तरी बुडख्यातून फुटतं, कोवळा फुटवा पौष्टिक असतो, चरणारी जनावरं त्यावर येतात. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ असं गुराखी म्हणतो तेव्हा तो अर्धं खरं सांगत असतो. उरलेलं अर्धं असं की दरवर्षी जाळलं तर मातीवरचं आच्छादन जातं, आणि मार्च ते मे या काळात जमिनीवर अंडी घालणारे टिटवी, रातवा यांसारखे पक्षी नेमके त्याच वेळी तिथे असतात. मुलाखतीत ‘वणवे पूर्ण थांबवले पाहिजेत’ असं वाक्य टाकलंत तर समोरचा जाणकार असेल तर हसेल. दक्षिणेत, कर्नाटकातल्या बीआरटी टेकड्यांत आग बंद झाल्यावर घाणेरी (लँटाना हे परदेशी झुडूप) माजली, असं तिथले सोलिगा आदिवासी लोक सांगतात आणि त्यावर संशोधकांनी गांभीर्याने काम केलं आहे. आग आणि घाणेरी यांचं नातं मात्र जागेगणिक बदलतं. काही ठिकाणी घाणेरीच आगीला इंधन पुरवते.

मोजायचं काय? सुरुवात इंधनापासून करा. एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाका. आतला पाचोळा, गवत, काड्या वेगळ्या करा : ६ मिलिमीटरपर्यंतच्या काड्या एका पिशवीत, ६ ते २५ दुसरीत, २५ ते ७५ तिसरीत. बारीक इंधन तासाभरात हवेतल्या ओलाव्याप्रमाणे बदलतं, जाड इंधनाला दिवस लागतात, म्हणून ही विभागणी. पिशवी तिथेच घट्ट बंद करून वजन करा, नंतर ७० ते ८० अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत, साधारण ४८ तास, वाळवा. ओलं वजन वजा सुकं वजन, भागिले सुकं वजन, गुणिले शंभर, ही ओलाव्याची टक्केवारी. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे भागायला ओलं वजन घेणं, किंवा कापडी पिशवी वापरणं. दुपारच्या उन्हात गाडीपर्यंत येईतो निम्मा ओलावा उडालेला असतो. चौरस मीटरला किलोमध्ये आलेला आकडा दहाने गुणला की हेक्टरी टन मिळतात.

याचा उपयोग काय ते एका हिशेबात दिसेल. हेक्टरी ४ टन सुका पाचोळा म्हणजे चौरस मीटरला ०.४ किलो. किलोमागे उष्णता अंदाजे १८,००० किलोज्यूल. आग मिनिटाला १ मीटर सरकत असेल आणि सगळा पाचोळा जळत असेल, तर आगीच्या रेषेच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे १२० किलोवॉट तीव्रता, ज्वाळा ७० सेंटिमीटरच्या आसपास. हिरव्या फांद्यांनी झोडपून ही आग विझते. दुपारी वारा उठला, वेग मिनिटाला ५ मीटर झाला, की तोच पाचोळा ६०० किलोवॉट देतो आणि ज्वाळा दीड मीटरवर जाते. हातांच्या साधनांनी समोरून भिडायची मर्यादा साधारण ३५० किलोवॉट, म्हणजे १.२ मीटरची ज्वाळा, धरतात. इंधन तेवढंच, माणसं तीच, फक्त दोन तासांचा फरक. उतारावर हे आणखी बिघडतं, कारण चढाचा कोन दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणून अनुभवी वनपाल दुपारी आगीच्या तोंडाशी माणसं घालत नाहीत. मागे जाळरेषेवर किंवा नाल्यावर थांबून, तिथून विरुद्ध आग देऊन मधला पट्टा रिकामा करतात आणि उरलेलं पहाटे विझवतात. पहाटे हवा दमट असते, वारा पडलेला असतो, आग जमिनीला चिकटून चालते.

जाळरेषेचा उल्लेख आला तर तिच्याबद्दल थोडं. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, त्याआधी रेषा तयार हवी. ठरलेल्या पट्ट्यातलं गवत-झुडूप कापायचं, वाळू द्यायचं, आणि वारा पडलेला असताना दोन्ही कडांना माणसं उभी करून जाळायचं. कागदावर काम इथे संपतं, जंगलात संपत नाही. साग मार्चपर्यंत पानं टाकतोच. जानेवारीत जाळून स्वच्छ केलेली रेषा मार्चमध्ये हातभर रुंद पानांनी झाकलेली असते, आणि आग तिच्यावरून निवांत पलीकडे जाते. दहा-पंधरा दिवसांनी ब्लोअर फिरवला नाही तर रेषेचा उपयोग फक्त नकाशावर. याशिवाय रेषेवर आडवा पडलेला वाळका ओंडका, धुमसणारं शेण, उतारावरून घरंगळत आलेला जळका बांबू, यांतून आग ओलांडते. बीटवर (वनरक्षकाच्या हद्दीत) काम करायची संधी मिळाली तर आग ‘विझली’ असं कळवल्यानंतर खुंट आणि ओंडके हाताची मागची बाजू जवळ नेऊन तपासायची सवय लावा. दुसऱ्या दिवशीच्या अनेक आगी कालच्याच असतात.

उपग्रह शिकावाच लागेल, पण तो काय सांगत नाही हे आधी शिका. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोडिस आणि व्हीआयआयआरएस या संवेदकांवरून आगीचे इशारे पाठवते. नोंदणी कुणालाही करता येते. नकाशावर आगीच्या इशाऱ्याचा ठिपका येतो. व्हीआयआयआरएसचा ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो. आग त्या चौकोनात कुठेही असू शकते, आणि चौकोन १४ हेक्टरचा म्हणून १४ हेक्टर जळालं असा अर्थ होत नाही. एका ठिपक्यामागे कधी अर्धा एकर निघतो. उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. चारला लागून सातला विझलेली आग त्याला दिसतच नाही. उलट आपल्या भागात ठिपके फुगतातही : शेतकरी धुरे (बांध) पेटवतात, पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळक्या झाडांचे) ढीग जाळतात, आणि चंद्रपूरकडे तर वीज केंद्र, खाणी आणि कारखाने वर्षभर ठिपके देतात. नासाच्या फर्म्स संकेतस्थळावर २०१२ पासूनचे व्हीआयआयआरएसचे ठिपके फुकट मिळतात. जुन्या नोंदींत ‘टाइप’ नावाचा रकाना असतो, त्यातले २ आकड्याचे ठिपके म्हणजे अशा कायमच्या उष्ण जागा. त्या आधी काढून टाका.

जळालेलं क्षेत्र मोजायला सेंटिनेल-२ या उपग्रहाची छायाचित्रं घेतात, आगीआधीचं आणि नंतरचं. इथे पानगळीच्या जंगलात एक खास सापळा आहे. आधीचं छायाचित्र नोव्हेंबरचं, हिरवंगार, घेतलंत आणि नंतरचं मार्चचं, तर पानगळ आणि आग दोन्ही आकड्यांत सारखीच दिसतात आणि निम्मा तालुका जळाल्याचा नकाशा तयार होतो. आधीचं छायाचित्र आगीच्या आठवडाभर आधीचंच घ्या, आणि किमान पन्नासएक ठिकाणी पायी जाऊन खोडावरची काजळी बघा. पायी न तपासलेला नकाशा मुलाखतीत दाखवू नका.

आणि माणसं. विदर्भात वणव्यांमागे मोठी कारणं दोन सांगितली जातात. मोहाखालचा पाचोळा जाळला की पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. आणि तेंदूला आग लागली की एप्रिलच्या सुमारास कोवळी, मऊ पानं येतात. दोन्ही कारणं पोटाची आहेत. ‘जनजागृती’च्या फलकाने ती जात नाहीत. मोहाखाली जाळी अंथरली किंवा झाडाभोवतीचा पाचोळा झाडून घेतला तर आगीची गरज उरत नाही. तेंदूची झुडपं वेळेत छाटली तरी नवी पानं येतात. पण जाळी कुणाला, किती झाडांना, फाटली तर कोण देणार, छाटणीची मजुरी कोण भरणार, याची उत्तरं गावात बसल्याशिवाय मिळत नाहीत. तुम्ही त्या भागातल्या आहात, वऱ्हाडी बोलता, गोंडी किंवा कोलामी थोडी शिकलात तर अर्धी लढाई तिथेच. डेहराडूनहून आलेल्या संशोधकाकडे हे नसतं, तेव्हा याला कमी लेखू नका.

परवानगीचं गणित बहुतेकांचं चुकतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी लागते, आणि कलम ३० नुसार तिथे आग लावणं हा गुन्हा आहे, प्रयोगासाठी असलं तरी. नागपूरच्या वन मुख्यालयातून परवानगी यायला महिने लागतात. फेब्रुवारीतलं काम असेल तर अर्ज पावसाळ्यातच करा, नाहीतर पत्र हातात पडेपर्यंत हंगाम संपतो. आग लावता येत नाही तर प्रयोग कसा करायचा? जाळरेषा दरवर्षी कायदेशीरपणे जाळली जाते. डीएफओंची (विभागीय वनाधिकारी) परवानगी घेऊन तिथे आधी इंधन मोजा, जळताना वेग आणि ज्वाळा मोजा, नंतर काय उरलं ते मोजा. पदव्युत्तर प्रबंधाला हे पुरेसं आहे. दीर्घकाळाचे बदल बघायचे तर तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलातल्या ५० हेक्टरच्या प्लॉटवरचे लेख वाचा. १९८८ पासून तिथे झाडाझाडाची नोंद ठेवली जाते, आगीसकट.

सुरक्षेबाबत कुणी ‘बघून घेऊ’ म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीला गवताळ उतारावर अडकलेले ट्रेकर वणव्यात गेले. उतारावर, आगीच्या वर, वाळक्या गवतात उभं राहायचं नाही. सुटकेची वाट म्हणजे आधीच जळालेली जमीन, खडक किंवा पाणी, आणि ती आगीकडे जाण्याआधी ठरलेली हवी. कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन-पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. बूट चामड्याचे, रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज गरम राखेत सुटतात. पहाटे मोहाखाली जाताना आवाज करत जा, अस्वलालाही मोह आवडतो. आणि कॅमेरा ट्रॅप लावत असाल तर भोवतीचा दोन-तीन मीटरचा पाचोळा साफ करा.

राहिला परदेशाचा प्रश्न. पैसे किंवा शिष्यवृत्ती असेल तर जा, पण कॅलिफोर्नियाच्या बातम्या बघून जागा निवडू नका. तिथल्या आगी झाडांच्या शेंड्यांतून पळतात, आपल्या बहुतेक जमिनीवरून चालतात. आपल्या जंगलाला जवळची जंगलं उत्तर ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँडमध्ये मूलनिवासी लोक हंगामाच्या सुरुवातीलाच थंड, छोट्या आगी लावून पुढच्या मोठ्या आगी टाळतात आणि त्यावर कार्बनचे पैसेही मिळवतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक प्लॉट ठरावीक वर्षांच्या अंतराने जाळले जातात, त्यामुळे ‘दर वर्षी, दर दोन वर्षांनी, की कधीच नाही’ याचं उत्तर तिथे जमिनीवर दिसतं. मात्र आधी एक उन्हाळा आपल्याच जिल्ह्यात काढा. आपल्या तालुक्याचे २०१२ पासूनचे ठिपके घ्या, कायमचे काढून टाका, बीटच्या हद्दी वर ठेवा, आठवड्यागणिक मोजा, आणि शेजारी मोह कधी पडला, तेंदूची तोडणी कधी सुरू झाली हे गावात विचारून लिहा. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉप साधा चालतो. तो दोन पानी अहवाल घेऊन तुमच्या रेंजच्या आरएफओंना (वनक्षेत्रपाल) भेटा. प्रवेशासाठी अर्ज कराल किंवा प्रकल्पात नोकरी मागाल, तेव्हा पदवीच्या गुणांपेक्षा ही दोन पानंच आधी वाचली जातील.